चहा येईपर्यंत एक रेघ

पत्र:

ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला, एस.टी.त वाहतूक नियंत्रक आहे. वय ५६, म्हणजे निवृत्तीला दोन वर्षं. घरात आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात लाल रुमालात बांधलेले चाळीसेक कागद, मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडून लिहायच्या लिपीत लिहिलेले. ते स्वतः वाचायचे, ही फार दिवसांची इच्छा. चार वर्षांपूर्वी रजा टाकून पुण्यात मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला, प्रमाणपत्रही मिळालं. महिन्याभरात सगळं विसरलो. मग पुस्तकं आणली, दोनशे पानी वही आणली, बोरू, म्हणजे वेताची लेखणीही आणली. बारा पानं भरली. यंदा एक जानेवारीपासून रोज पहाटे चार ते सहा मोडी, असा नेम केला आणि डेपोत सगळ्यांना सांगितला. नऊ दिवस टिकला. आता पोरं विचारतात, ‘काय साहेब, कुठवर आलं महाराजांचं पत्र?’ बायको म्हणते, वाळवीचं वाचून झालं की मग तुम्ही सुरू करा. माझ्यात चिकाटीच नाही का? की पैसे देऊन कुणाकडून वाचून घ्यावेत आणि विषय संपवावा?
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार भाऊ,

वहिनींचं वाक्य मी दोनदा वाचलं. हे सदर त्यांनीच चालवावं, असं क्षणभर वाटून गेलं.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते. त्या रुमालातला एखादा कागद जमिनीच्या वादात लागणार असेल, किंवा जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद हवी असेल, तर शिकण्याबिकण्याच्या भानगडीत पडू नका. जाणकाराकडे जा आणि मोडीचं देवनागरीत रीतसर लिप्यंतर करून घ्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना भलतीच मागणी आहे, त्यामुळे थांबावं लागेल, पैसेही पडतील. पण कोर्टाची तारीख डोक्यावर असताना अक्षरं गिरवत बसायचं नसतं. तसं काही नसेल, आजोबांचे कागद नातवानं वाचावेत एवढीच ओढ असेल, तर पैसे देऊन विषय संपणार नाही. हातात टाइप केलेले कागद येतील, आणि पुढच्या वेळी ट्रंक उघडली की तीच हुरहुर पुन्हा.

आता चिकाटीचं. सणासुदीच्या गर्दीत फलाटावर उभं राहून गाड्या सोडणाऱ्या माणसात चिकाटी नसते, हे मला कुणी सांगू नये. तुमचे तीनही प्रयत्न मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. रजा टाकून केलेला वर्ग, नवी कोरी वही, पहाटे चारचा नेम. तिन्ही बेत तुमच्या सगळ्यात चांगल्या दिवसासाठी आखलेले आहेत. अंगात उत्साह आहे, झोप पुरी झालीय, घरात पाहुणे नाहीत, कुणाचं लग्न नाही, गाडी बंद पडली म्हणून डेपोत थांबावं लागलेलं नाही, असा दिवस. महिन्यातून असे किती दिवस मिळतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. शिवाय ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्यानं पहाटे चारचा नेम करायचा म्हणजे कमालच. नऊ दिवस टिकला याचंच मला नवल वाटतं.

तुम्हाला बेत हवा तो वाईट दिवसासाठी. रात्रपाळी करून आलाय, पाय भरून आलेत, डोकं दुखतंय, त्या दिवशीही जे होईल तेवढंच रोजचं काम म्हणायचं. त्याहून जास्त झालं तर आनंदच, पण ते हिशेबात धरायचं नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मोडी मीही शिकले, चाळिशी उलटल्यावर, आणि तीही दोनदा सोडून. जमलं कसं, तर दुधामुळे. आमच्याकडे सकाळी दूध तापवायला ठेवलं की तिथून हलायची सोय नव्हती. हलले की ते उतू जाणार आणि शेगडी पुसण्यात पुढचा अर्धा तास जाणार. म्हणून ओट्याशी मुलाची जुनी पाटी ठेवली आणि दुधावर नजर ठेवून अक्षरं काढायला लागले. सहा-सात मिनिटं. दूध वर आलं की पाटी खाली. पहिले कित्येक आठवडे मी एवढंच करत होते आणि हे ‘शिकणं’ आहे असं मला वाटतही नव्हतं, त्यामुळे सोडून द्यावंसंही वाटलं नाही. एकदा ‘ळ’च्या नादात दूध गेलंच, पण ते असो.

तुमच्याकडे दूध कोण तापवतं मला माहीत नाही, पण चहा तर होतच असणार. पाळी कुठलीही असो, घरी आल्यावर हातपाय धुऊन तुम्ही बसता आणि चहा येतो. चहा सांगितल्यापासून कप हातात येईपर्यंतचा जो वेळ आहे, तो तुमचा मोडीचा वेळ. घड्याळाची वेळ ठरवू नका, ती तुमच्या नोकरीत टिकणार नाही. पहाटे घरी या की रात्री अकराला, चहा चुकणार नाही. (रात्री अकराला चहा घेऊ नये, हे वेगळ्या सदरात.)

आणि त्या वेळात करायचं काय? एक रेघ ओढायची.

थट्टा करत नाही. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली, होता होईल तो हात न उचलता, अक्षरं टांगत जाई. आपण देवनागरीत अक्षर काढून वर रेघ देतो. मोडीत रेघ आधी. तुम्ही वर्गात हे केलंच आहे. तर रोजचं काम म्हणजे एक रेघ, आणि तिच्याखाली एक अक्षर. रात्रपाळीच्या दिवशी नुसती रेघ ओढून पेन ठेवलंत तरी तो दिवस भरला असं धरायचं. हसू येईल, वहिनीही हसतील. पण रेघ ओढून झाल्यावर तिच्याखाली काहीच न काढता उठून पाहा. मला तरी ते फारसं जमलं नाही.

ती दोनशे पानी वही आधी कपाटात टाका. चांगली वही हा फार मोठा अडथळा असतो. तिच्यात घाण अक्षर काढायला जीव धजत नाही, आणि बारा पानांनंतर उरलेली १८८ पानं रोज आपल्याकडे बघत बसतात. कॅलेंडरची गेल्या महिन्याची पानं मागून कोरी असतात, ती घ्या. बोरूही सध्या ठेवून द्या. तुमच्या आजोबांचे कागद बहुतेक इंग्रजी अमदानीतले असणार, तेव्हा टाक, म्हणजे निबचं पेन आलं होतं आणि अक्षर बारीक, घाईचं झालं होतं. साधं बॉलपेन चालेल. ते दोऱ्यानं बांधून चहाच्या जागी ठेवा, नाहीतर पहिली चार मिनिटं पेन शोधण्यात जातील आणि पाचव्या मिनिटाला मोबाइल हातात येईल. मोबाइलचा चार्जर त्या खोलीतून हलवा. ही सूचना बाकीच्या सगळ्या सूचनांपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं मत आहे. आपलं मन कमकुवत नसतं, मोबाइल फार जवळ असतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे गणित तुमच्या डोक्यात असेलच, ते काढून टाका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन एक अभ्यास केला होता. न्याहारीनंतर पाणी पिणं, जेवणाबरोबर फळ खाणं असल्या साध्या गोष्टी रोज करायच्या आणि ती गोष्ट आपसूक कधी व्हायला लागते ते पाहायचं. सरासरी ६६ दिवस आले, पण माणसागणिक फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे कुणाला अडीच आठवडे पुरले, कुणाला आठ महिने लागतील असा अंदाज निघाला. तुम्ही नवव्या दिवशी स्वतःला नापास करून मोकळे झालात. त्याच अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट अशी की मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपला उपास मोडला की मोडला, अशी आपली समजूत असते. सवयीचं तसं नाही. एक दिवस राहिला तर राहिला, दुसऱ्या दिवशी रेघ ओढायची आणि मागचं भरून काढायला जायचं नाही. ‘काल राहिलं म्हणून आज दोन’ हे कर्जाचं गणित आहे, त्यात व्याज वाढतं आणि माणूस एक दिवस परागंदा होतो.

आता अक्षरं कुठली? क, ख, ग पासून सुरू करू नका, तो रस्ता तुम्ही दोनदा अर्धा चालला आहात. पहिला महिना फक्त तुमचं नाव, आजोबांचं नाव, गावाचं नाव, तालुका. एवढ्यात पंधरावीस अक्षरं येतात आणि नेमकी तीच कागदात पुन्हा पुन्हा भेटणार असतात. मोडीत काना लागला की बऱ्याच अक्षरांचा चेहराच बदलतो, म्हणून सुटं अक्षर पाठ करण्यापेक्षा नावातलं अक्षर पाठ झालेलं बरं. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, इकाराला एक आणि उकाराला एक खूण, तेवढाच दिलासा. उलट शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, सगळी ओळ एक लांबलचक आगगाडी. माणसं घाबरतात ती इथे.

आणि इथेच तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. घरगुती कागद फार ठरावीक असतात. खरेदीखत, गहाणखत, कर्जरोखा, वाटणीपत्र. वर श्री, मग तारीख, मग कुणी कुणाला लिहून दिलं, कशाबद्दल, किती रुपये, चतुःसीमा, शेवटी सह्या आणि साक्षीदार. तुम्ही रिझर्वेशनचा तक्ता एका नजरेत वाचता ना? सगळा वाचत नाही, कुठे काय असतं ते डोळ्याला ठाऊक असतं. इथेही तसंच. दुसऱ्या महिन्यापासून एकाच कागदाची झेरॉक्स चहाच्या जागी ठेवा आणि वाचायचा प्रयत्न न करता, त्यात आजोबांचं नाव कुठे दिसतं ते फक्त शोधा. सापडलं की खाली पेन्सिलीची खूण. उद्या पुन्हा तोच कागद, गावाचं नाव. परवा ‘रुपये’. एक कागद महिनाभर पुरतो, पुरू द्या. दुसऱ्या कागदाकडे हात जाऊ लागेल तेव्हाही महिना होऊ द्या.

तारखा लवकर काढा, त्यात मजा आहे आणि धीर येतो. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८१२ म्हणजे १८९०. फसली सन, म्हणजे महसुली वर्ष असेल तर ५९०: फसली १३०० म्हणजे १८९०-९१. वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात होते म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो चालायचाच. कागद स्टँपाचा असेल तर वरचं चित्रच निम्मं काम करतं. व्हिक्टोरिया राणी असेल तर १९०१ पर्यंतचा, फार तर त्याच्या थोडा पुढचा, पंचम जॉर्ज असेल तर १९१० नंतरचा. रकमा बघाल तर आकड्यापुढे उभ्या दांड्या दिसतील: १। म्हणजे सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. तुमच्या वडिलांनी पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे म्हटले असतील तर त्यांना हे पाठ होतं. आणि सह्यांच्या जागी कुठे नांगराचं चित्र दिसलं तर शाईचा डाग समजू नका. ज्याला लिहिता येत नव्हतं त्या कुणब्याची ती निशाणी, ‘निशाणी नांगर’. मला पहिल्यांदा सापडली तेव्हा त्या दिवशीचा चहा गार झाला.

वाढवायचं कधी, हा प्रश्न तुम्ही विचारणार. वाढवू नका. म्हणजे ठरवून वाढवू नका. चहा संपला तरी तुम्ही त्याच कागदावर वाकून बसला आहात, असं आठवड्यातून तीन-चारदा व्हायला लागलं की ते आपोआप वाढलेलंच असतं. तुम्ही फक्त किमान बदलायचं नाही. किमान म्हणजे कायम एक रेघ. उत्साहाच्या भरात ‘आता अर्धा तास तरी’ असं म्हणालात की तुम्ही परत पहाटे चारच्या नेमावर आलात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येईल. नवेपण संपलेलं असतं आणि ओळ अजून सलग वाचता येत नसते. मी या टप्प्यावर दोनदा सोडलं, म्हणून सांगते. तेव्हा वर्गाला जा. तुम्ही वर्ग आधी केलात आणि सराव नंतर करणार होतात, उलटं करा. पुराभिलेख खात्याचे आणि काही संस्थांचे असे वर्ग होत असतात. दहा दिवसांच्या वर्गात अक्षरं ओळखीची होतात, नजर बसत नाही. नजर बसवायचं काम चहाच्या वेळातच व्हायचं. पण नजर अर्धी बसलेली असताना वर्गाला गेलात तर शिकवणाऱ्याला विचारायला तुमच्याकडे खरे प्रश्न असतील, झेरॉक्सवर खुणा केलेले. रजा मिळेल तेव्हा एक दिवस पुण्याच्या पुराभिलेखागारात नुसतं जाऊन या. पेशवे दफ्तराचे रुमालावर रुमाल रचलेले आहेत, कोट्यवधी कागद. आपला चाळीस कागदांचा रुमाल तिथून परत आल्यावर फार आटोक्यातला वाटतो.

एक हिशेब करून पाहिला. दहा दिवसांच्या वर्गात रोज दोन तास धरले तर २० तास होतात. चहाची सात मिनिटं दोन वर्षं धरली, आजारपणं, लग्नकार्यं, आषाढीच्या जादा गाड्या वजा केल्या, तरी ७० तासांच्या खाली जात नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे मी लिहिणार नाही, ते तुमच्या डेपोच्या भिंतीवर कुठेतरी असेलच. आकडा एवढ्यासाठी दिला की सात मिनिटं म्हणजे पोरखेळ, असं तुम्हाला वाटू नये.

डेपोत या वेळी काही सांगू नका. सांगितलं की लोक शाबासकी देतात, आणि ती आगाऊ मिळालेली शाबासकी कामाच्या मुळावर येते. काम झाल्यासारखंच वाटायला लागतं. शिवाय राहिलं की टिंगल. पोरांनी विचारलं तर म्हणा, महाराजांचं पत्र अजून वाटेत आहे, गाडी लेट आहे.

वहिनींना मात्र सांगा, पण त्यांना पहारेकरी करू नका. ‘मी आज बसलो का बघत जा’ असं बायकोला सांगितलेले सगळे नेम भांडणात संपतात, हे मी या सदराच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्याकडून फक्त एक मागा: चहा सांगितल्याबरोबर लगेच आणू नका. आणि रविवारी त्यांना आठवड्यात सापडलेला एखादा शब्द वाचून दाखवा. एकच. ‘वडाचं शेत’ असं काहीतरी निघेल आणि त्या म्हणतील, अहो, ते तर आता अमक्यांकडे आहे. अशी माहिती मला कुठल्या लिप्यंतरकाराकडून मिळाली नव्हती, सासूबाईंकडून मिळाली.

निवृत्तीपर्यंत चाळीसच्या चाळीस कागद वाचून होतील का? नाही होणार, माझा अंदाज. बारा-पंधरा नीट लागतील, काहींची नुसती तारीख आणि नावं लागतील, दोन-तीन कागदांचं अक्षर इतकं वाईट असेल की जाणकारालाही डोकं खाजवावं लागेल. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी आल्यावर चहा सांगाल आणि हात कागदाकडे जाईल, एवढी खात्री मी देऊ शकते.

बाकी सगळं सावकाश, पण एक गोष्ट आजच्या आज करा, ती सवयीवर सोडू नका. ट्रंक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि विटांवर ठेवा, वाळवी भिंतीतून येते. रुमाल उघडून कागद एकेक करून खिडकीच्या उजेडात, उन्हात नव्हे, मोबाइलवर टिपून घ्या, फ्लॅश नको. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका. घड्या जबरदस्तीनं सपाट करायला जाऊ नका. मग ते धुतलेल्या सुती कापडात परत बांधा. लाल रुमालाचा रंग जात असेल तर तो वेगळा ठेवा, पण टाकू नका, आजोबांच्या हातची गाठ आहे ती.